चरबी लावलेले दार

मित्रांनो, मी एक जुना निर्वात पंप आहे. दिसायला ओबडधोबड, रंग उडालेला, बुडाशी तेलाचा डाग कायमचा. अल्माटीच्या वरच्या अंगाला, जिथून डोंगर सुरू होतो, तिथे भौतिकशास्त्राच्या एका संस्थेत मी बसलेलो असतो. माझ्या शेजारी एक पोलादी पेटी आहे. तिच्यातली हवा ओढून घ्यायची आणि बाहेर टाकायची, हे माझे काम. पेटीत काहीही उरता कामा नये, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. मगच त्या पेटीत ठेवलेला धातूचा तुकडा खरे बोलतो, असे इथली माणसे म्हणतात.

पण पेटीत जे नको ते जाते कुठे? माझ्या पोटात. धूळ, वाफ, घाम, कोणाच्या बोटांचा ओशटपणा, सगळे मीच गिळतो. म्हणून सांगतो, माणसांची मला जेवढी किळस आहे तेवढी क्वचितच कोणाला असेल. तुम्ही माणसांचे चेहरे पाहता. मी त्यांच्या बोटांवर काय काय असते ते चाखतो.

माझा जन्म व्होल्गाकाठच्या एका कारखान्यातला. तिथून आगगाडीने, भुशात भरून, मला इथे आणले. लाकडी खोके उघडले तेव्हा समोर एक उंच, हाडकुळी बाई उभी होती. एर्ना फ्योदोरोव्ना. जर्मन घराण्यातली, म्हणून युद्धाच्या काळात लहानपणी आईबरोबर मालगाडीतून स्तेपच्या ओसाड माळरानात आणून टाकलेली, आणि मग तिथलीच झालेली. तिने माझ्यावरून पांढरे फडके फिरवले, फडक्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बरा आहेस."

एवढ्यावरच मी तिचा झालो.

तिचे सोवळे कडक होते. प्रयोगशाळेत येणाऱ्याने आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मग सुती हातमोजे घालायचे. सूर्यफुलाच्या बिया फोडत कोणी आत आला तर ती त्याला दारातूनच परत पाठवी. एकदा खुद्द संचालक जिभेखाली ‘नासवाय’ नावाच्या तंबाखूची गोळी धरून आले. ही हिरवी तंबाखू इथले पुष्कळ लोक खातात आणि कुठेही थुंकतात. एर्ना फ्योदोरोव्ना त्यांना म्हणाली, "संचालकसाहेब, ते थुंकून या. आणि थुंकल्यावर येऊ नका."

त्या वर्षांत मी आनंदात होतो. माझे तेल मधासारखे स्वच्छ असे. माझ्या जोरावर मुलांनी पदव्या मिळवल्या, आणि जाताना प्रत्येक जण मला थोपटून जाई. मग तो अवाढव्य देश फुटून त्याचे तुकडे झाले, एर्ना फ्योदोरोव्ना म्हातारी झाली आणि एके दिवशी तिची भाची तिला जर्मनीला घेऊन गेली. जाताना ती माझ्याजवळ वाकली. माझा पट्टा तेवढा घट्ट करून गेली.

त्यानंतर जे झाले तेही ऐका.

प्रयोग बंद पडले. मला तळघरात नेले आणि तिथे माझ्या नळीला प्लास्टिकच्या पिशव्या जोडू लागले. त्या पिशव्यांत काय असे? काझी! घोड्याच्या मांसाचे, लसूण-मिरी भरलेले जाडजूड सॉसेज. हिवाळ्यासाठी ते टिकावे म्हणून पिशवीतली हवा काढायची, आणि ती काढायला मी. संचालकांच्या घरची काझी, त्यांच्या मेहुण्याची काझी, मेहुण्याच्या शेजाऱ्याची काझी. ओल्या मांसाचा दमटपणा माझ्या तेलात मिसळला आणि तेल फाटलेल्या दुधासारखे झाले. ज्याने अणूंची मोजदाद करायला मदत केली त्याला खाटिकखान्यात जुंपले. मी गुरगुरायचो, तर लोक म्हणायचे, "म्हातारा झालाय."

मित्रांनो, मी म्हातारा झालो नव्हतो. मला ओकारी येत होती.

मग उलबोसिन आली. सीर दर्याकाठच्या गावातली मुलगी. घरात लागोपाठ मुलीच झाल्या की पुढचा तरी मुलगा होवो म्हणून मुलीला हे नाव ठेवतात. म्हणजे नावातच "तू नको होतीस" असे लिहिलेले. तिला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करायची होती. किरणांचा मारा केल्यावर धातूच्या पातळ पत्र्याच्या पृष्ठभागावर काय बदल होतात, हा तिचा विषय. तिने मला तळघरातून वर आणले, उलटे केले, ते नासके तेल काढले, वास घेतला आणि तोंड फिरवून म्हणाली, "शी! तुला काय खायला घातलंय रे यांनी?"

इतक्या वर्षांत मला कोणी हे विचारले नव्हते.

तिचे मार्गदर्शक होते सापारगाली अगाय. अगाय म्हणजे आमच्याकडे गुरुजीही आणि थोरले काकाही, त्यामुळे त्यांचा शब्द खाली पडत नाही. माणूस देखणा, पांढऱ्या केसांचा, हसरा. विद्यार्थ्यांच्या आईवडिलांची चौकशी करणारा. कोणाचे लग्न असो, मयत असो, अगाय हजर. फक्त प्रयोगशाळेत ते फारसे दिसत नसत. विज्ञान अकादमीची निवडणूक जवळ आली होती, आणि त्यांना अकादमीचे सदस्य व्हायचे होते. त्यासाठी एखादा ठसठशीत शोध हवा होता.

त्या सुमारास आमच्या पेटीला नवे दार आले. जुने दार गळत होते. उलबोसिनने किती अर्ज-विनंत्या केल्या तेव्हा हे मिळाले. नव्या दाराचा आनंद म्हणून अगायांनी प्रयोगशाळेतच जेवण घातले. मागच्या अंगणात कढई चढली, मेंढी कापली आणि ज्या टेबलावर आम्ही नमुने ठेवायचो त्याच टेबलावर बेशबारमाकचे ताट आले. उकडलेल्या कणकेच्या रुंद पट्ट्या, त्यावर मांस, त्यावर चरबी, आणि खायचे पाची बोटांनी. ओघळ मनगटापर्यंत. मी कोपऱ्यातून बघत होतो. जावे तर कुठे जावे? मला पाय नाहीत.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्यावर माया आहे त्या धाकट्याच्या तोंडात वडीलधारे स्वतःच्या हाताने घास कोंबतात. नको म्हटले तर घोर अपमान. सापारगाली अगायांनी मेंढीच्या शेपटाची थलथलती चरबी आणि मांस मूठभर उचलले आणि म्हणाले, "उलबोसिन, ये पोरी. आ कर."

"अगाय, एवढं नाही जाणार मला."

"जातं गं! पदवी गिळायची तर घसा मोठा हवा."

सगळे हसले. तिने आ केला. घास एवढा होता की तिचे डोळे पाणावले. ओठांवरून चरबी हनुवटीवर आली. तिने तो गिळला. मग अगाय त्याच हाताने, त्याच बोटांनी, ताटातली चरबी निपटून उठले आणि पेटीजवळ आले.

नवे बिऱ्हाड उभे राहिले की दाराच्या चौकटीला चरबी लावायची, म्हणजे घरात सुबत्ता नांदते, ही जुनी चाल. तंबूच्या दाराला ती शोभते. अगायांनी ती आमच्या पेटीच्या पोलादी दाराला लावली! आतल्या कडेने, गोल फिरवून, नीट चोळून. ओठांत आशीर्वाद पुटपुटत.

"अगाय!" उलबोसिन ओरडली. "आतून नको! हवा काढताना ती सगळी..."

"अगं, दाराच्या रबराला तू वंगण लावतेसच की. हे आपलं देशी वंगण." पुन्हा हशा पिकला. वडीलधारा माणूस आशीर्वाद देत असताना त्याचा हात कोण धरणार? तिने धरला नाही. पाहुणे गेल्यावर तिने दार पुसले, पण घाईत पुसले. पत्रा आधीच आत चढवलेला होता आणि अगायांना आकडे हवे होते.

मला सुरू केले. पहिल्याच ओढीला मला कळले. पेटीतून ती चिकट, जुनाट, शेपटाची वाफ आली आणि माझ्या पोटात उतरली. काझी परवडली, मित्रांनो. ती निदान पिशवीत होती.

पत्रा तापवला की त्यातून काय काय बाहेर पडते ते आमच्याकडचे दुसरे एक यंत्र आलेखावर सुळक्यांनी दाखवते. त्या दिवशी आलेखावर कधी न दिसलेले सुळके आले. सारख्या अंतरावर, एकापुढे एक, कुंपणाच्या खुंटांसारखे. उलबोसिन खुर्चीवरून पुढे वाकून बघत राहिली. सापारगाली अगायांना बोलावले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"नवा पदार्थ," ते म्हणाले. "किरणांनी धातूवर नवा पदार्थ घडवलाय! पोरी, नशीब काढलंस."

"अगाय, मला ही चरबी वाटते."

"काय?"

"तापून फुटलेल्या चरबीच्या रेणूंचे तुकडे असेच सारख्या अंतरावर दिसतात. तुम्ही त्या दिवशी दाराला..."

अगायांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले नाही. ते फक्त गार झाले. "मी तुला माझ्या हातानं भरवलं," ते म्हणाले. "आणि तू मला चरबी शिकवतेस?"

तिने पेटी उघडली. सगळा आतला भाग घासला, धुतला, बाहेरून तापवून दिवसभर शेकला. माझे तेल बदलले. पुन्हा मोजमाप केले, तर सुळके गेले. तिने तो सपाट आलेख अगायांसमोर ठेवला. त्यांनी तो पाहिलाच नाही. शोधनिबंध त्यांनी आधीच पाठवून दिला होता. पहिले नाव त्यांचे, दुसरे तिचे. प्रबंधातले मुख्य प्रकरणही तेच असणार होते. तपासायला ताश्कंदहून प्राध्यापक मुहिद्दीनोव येणार होते आणि सुळके डोळ्यांनी बघणार होते. त्यांनी मान्यता दिली की उलबोसिनला पदवी. तिने नाही म्हणायचे तर इतक्या वर्षांच्या कष्टावर पाणी, आणि मार्गदर्शकाला तोंडघशी पाडणारी मुलगी म्हणून देशभर नाव. दुसरा कोण तिला दारात उभे करणार होता?

त्या दिवसांत ती माझ्याशेजारी जमिनीवर बसून जेवायची. कोरडी पाव-भाकर. मांसाला हात लावत नव्हती.

मुहिद्दीनोव यायचे होते त्या दिवशी सकाळी अंगणात पुन्हा कढई चढली. उलबोसिनने नवा पत्रा पेटीत ठेवला होता, दार लावायचे बाकी होते. एवढ्यात सापारगाली अगाय वाटी घेऊन आले. वाटीत वितळलेली चरबी.

"दाराला पुन्हा एकदा आशीर्वाद देऊन टाकू," ते म्हणाले. "पाहुणा येतोय."

"अगाय, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"काय सांगितलंस? मला तर काही ऐकू आलं नाही." आणि ते तिच्याकडे न बघता चौकटीला बोट फिरवू लागले. सावकाश, कोपरे न चुकवता.

मित्रांनो, पहिल्या वेळी त्यांची चूक होती. चालीरीतीच्या प्रेमात शहाणा माणूसही गाढवपणा करतो, तेवढे मी सोडून देतो. पण या वेळी त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या रीतीने आमच्या आज्या-पणज्यांनी घरे मंगल केली तीच रीत त्यांनी लबाडीवर पांघरूण म्हणून ओढली. मी आयुष्यात घाम गिळला, लाळ गिळली, घोड्याचे मांस गिळले. पण त्या बोटाइतके घाणेरडे मी काही पाहिले नाही. दार लागले. मला सुरू केले. मला ते गिळावेच लागले.

दुपारी मुहिद्दीनोव आले. बुटके, गोल, मिशाळ गृहस्थ. आल्या आल्या म्हणाले, "तुमच्या बेशबारमाकपेक्षा आमचा पुलाव बरा हो, पण प्रवासानं भूक लागलीय, चालवून घेतो." सापारगाली अगाय मोठ्याने हसले. आलेख दाखवला. सुळके होते, ओळीने, ताठ. मुहिद्दीनोव भुवया उंचावून "वा, वा" म्हणत राहिले.

मग ताट आले आणि मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचे उकडलेले डोके ठेवले. पाहुण्याने त्याचे तुकडे करून वाटायचे असतात. कान धाकट्यांना देतात, म्हणजे ती वडीलधाऱ्यांचे ऐकतात. मुहिद्दीनोव यांनी सुरीने कान कापला, पुढे केला आणि म्हणाले, "हा आमच्या भावी डॉक्टरीणबाईंना. मोठ्यांचं ऐकत जा, म्हणजे मोठी होशील."

"हिचे कान तसे चांगले आहेत," सापारगाली अगाय म्हणाले. "शोधच असा लावलाय पोरीनं!"

उलबोसिनने हात पुढे केला नाही.

"घे की गं."

"कान पुष्कळ खाल्ले, अगाय," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता. "आज मला जीभ द्या."

जीभ मुलींना कोणी देत नाही. मुली तोंडाळ होतात म्हणे. मुहिद्दीनोव यांना गंमत वाटली. त्यांनी जिभेचा तुकडा कापला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो सगळ्यांसमोर चावून खाल्ला, तोंड पुसले आणि बोलली.

"ते सुळके धातूचे नाहीत. मेंढीच्या शेपटाचे आहेत. दाराला आतून चरबी लावलीय. पहिल्यांदा चुकून लावली, आज मुद्दाम. मी दोन्ही वेळा बघत होते."

"तुझ्या तोंडात माझा घास आहे, उलबोसिन!" अगाय गरजले.

"आहे, अगाय. अजून खाली उतरला नाही."

मुहिद्दीनोव यांनी सुरी खाली ठेवली. एकदा अगायांकडे पाहिले, एकदा पेटीकडे. "दार उघड," ते तिला म्हणाले. "मी चहा पीत बसतो. माझी गाडी उद्याची आहे."

तिने मला थांबवले. माझे तेल काढले. ते गढूळ, थिजलेले होते. तिने ते पारदर्शक बरणीत ओतून मुहिद्दीनोव यांच्या चहाच्या वाटीशेजारी ठेवले. त्यांनी वाटी बाजूला सरकवली. मग तिने हात धुतले, मोजे घातले, दाराची कड न् कड पुसली. फडके पिवळे होत गेले. पेटी बाहेरून तापवायला लावली, मला ताजे तेल दिले आणि सुरू केले. माझा पट्टा किंचाळत होता. पण मी त्या दिवशी एर्ना फ्योदोरोव्नाच्या काळात ओढायचो तसे ओढले. एवढी एक गोष्ट माझ्या हातात होती.

संध्याकाळ झाली. दूध घातलेला चहा किती वेळा आला नि गेला. ताटातली चरबी थिजून पांढरी पडली, तिच्याकडे कोणाला बघवेना. सापारगाली अगाय एकेक वडीलधारी कारणे सांगत होते: तब्येत, निवडणूक, मत्सरी लोक, आजकालच्या मुली. मुहिद्दीनोव ऐकत नव्हते. मग आलेख आला. जिथे खुंट उभे होते तिथे आता जेमतेम कुसळे उरली होती.

मुहिद्दीनोव यांनी आलेखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवले. मग उठले आणि स्वतःच्या ओशट बोटांकडे पाहून म्हणाले, "हात कुठे धुवायचे?"

आमच्याकडे पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणे हे सगळ्यांत धाकट्याचे काम. उलबोसिनने झारी उचलली, खाली तसराळे धरले. त्यांनी हात पुढे केले आणि ती पाणी घालत राहिली.

"हा प्रबंध मी मान्य करू शकत नाही, पोरी," ते हलकेच म्हणाले. "त्यात काही उरलंच नाही. तुला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. पाण्याची धार हलली नाही.

मग ती झारी घेऊन सापारगाली अगायांपुढे गेली. रीतीप्रमाणे वाकून उभी राहिली. त्यांनी हात पुढे केले नाहीत. रुमालाला बोटे पुसली आणि निघून गेले.

पुढचे ऐकाल तर तुम्हालाही शिसारी येईल. सापारगाली अगाय अकादमीचे सदस्य झाले. जिन्याजवळ त्यांचे छायाचित्र लागले आहे, हात जोडलेले. मला त्यांनी "निकामी" म्हणून अंगणात कढईच्या चुलीजवळ टाकले. पाऊस पडले, बर्फ पडले. चरबीच्या वासाने कुत्री मला चाटून जात. ज्यांच्यासाठी मी राबलो ती माणसे माझ्यावर बसून बिया फोडत आणि टरफले माझ्या तोंडात टाकत.

आणि उलबोसिन? तिला खरोखरच कोणी दारात उभे केले नाही. कितीतरी दारे झाली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एका कोरियन वंशाच्या प्राध्यापक बाईंनी, तमारा सेर्गेयेव्नांनी, तिला घेतले. त्यांच्याकडे खोली होती, पंप नव्हता. तेव्हा उलबोसिन अंगणात आली. तिने माझ्या तोंडातली टरफले एकेक करून काढली, माझ्या पाठीवरून पांढरे फडके फिरवले आणि त्या काळ्या झालेल्या फडक्याकडे बघून म्हणाली, "बरा आहेस."

तिला एर्ना फ्योदोरोव्ना ठाऊकही नव्हती.

तिला पदवी मिळायला आणखी वर्षे गेली. मिळाली ती एका सपाट, कंटाळवाण्या आलेखावर, ज्यात काहीही चमत्कारिक नव्हते. त्या दिवशीही बेशबारमाक झाले, पण अंगणात. आता ती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते आणि मुले तिला आपाय म्हणतात, म्हणजे थोरली ताईही आणि बाईही. प्रयोगशाळेच्या दाराशी तिने एक पितळी झारी टांगली आहे. नवा मुलगा किंवा मुलगी आली की ती रीत उलटी करते: सगळ्यांत थोरली ती, आणि धाकट्यांच्या हातावर पाणी घालते तीच. मुले ओशाळतात. "आपाय, तुम्ही कशाला?" म्हणतात.

"बोटं पसर नीट," ती म्हणते. "नखांखालीही."

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझी पाती झिजली आहेत, पट्टा सैल होतो. तुमच्याकडून मला कौतुक नको, छायाचित्र तर मुळीच नको. तुम्ही मोठे व्हाल, कोणी प्रयोगशाळेत जाल, कोणी आणखी कुठे. कोणी मायेने तुमच्या तोंडात घास घालील, आणि मग त्याच हाताने एखाद्या दाराला काही लावील, आणि सगळे हसतील. तेव्हा तुम्ही गप्प बसलात, तर ते नाहीसे होत नाही हे लक्षात ठेवा. ते कुठेतरी माझ्यासारख्या कोणाच्या तरी पोटात जाते.

म्हणून एवढेच मागतो. हात धुवा, आणि मग दाराला हात लावा.